बाटली हलता कामा नये

बिअरची बाटली विमानातून फुटू न देता कशी आणावी, या विषयावर आपण कधी चार ओळी लिहू, असे मला वाटले नव्हते. आमचे घर वैजापूरचे आणि माळकरी. घरात एकादशी पाळली जाते, चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो आणि बाटली या शब्दाचा अर्थ आमच्या आईच्या लेखी एकच आहे. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा, पस्तिशीच्या आत दारूने गेला. जाण्याआधी विहीर गेली, मग मळा गेला, शेवटी मामीच्या गळ्यातले डोरले गेले. त्यानंतर आईने आम्हा दोघा भावांना देवापुढे उभे करून एकच शब्द घेतला : या उंबऱ्याच्या आत बाटली येणार नाही.

आता दैवाची गंमत पाहा. ज्या थोरल्या भावाने हा शब्द दिला, त्यालाच पुढे पोटासाठी बिअरच्या कारखान्यात जावे लागले. वैजापूरची जमीन पावसाच्या भरवशाची. दोन पावसाळे कोरडे गेले आणि १९८८ साली आमचे अण्णा (घरात त्यांना सगळेच अण्णा म्हणतात) चिकलठाण्याच्या एका कारखान्यात बाटल्या भरण्याच्या लाईनवर लागले. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा आणि वाळूज या पट्ट्यात बिअरचे कारखाने आहेत, हे मराठवाड्याबाहेरच्या पुष्कळांना ठाऊक नसते. अजिंठा-वेरूळची पाटी शहराच्या नावापुढे ठळक असते, बाटलीची नसते. पण राज्यात खपणाऱ्या बिअरचा मोठा वाटा याच शहराभोवती तयार होतो.

आठवड्याचे सहा दिवस खोली करून राहायचे आणि रविवारी गावी यायचे, असे चौतीस वर्षे चालले. अण्णांनी पगार घरी आणला, बोनस आणला, दिवाळीला कारखान्याने दिलेली स्टीलची भांडी आणली. बाटली आणली नाही. त्यांच्या हाताखालून किती लाख बाटल्या गेल्या असतील त्याचा हिशेब कोण करणार? एक कान मात्र त्या लाईनवर गेला. हजारो बाटल्या एकमेकींना घासत-आपटत पट्ट्यावरून धावतात तो आवाज ज्याने ऐकला आहे, त्यालाच तो कळेल.

त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, इंजिनिअर होऊन म्यूनिकला गेला. म्यूनिक म्हणजे बिअरची पंढरीच (ही उपमा आईच्या कानावर जाणार नाही, या हिशेबाने लिहितो). बव्हेरियाच्या त्या मुलखात बिअरमध्ये काय घालावे याचा दंडक १५१६ साली घातला गेला, आणि तिथले लोक तो आजही अभिमानाने सांगतात. पोराच्या मनात आले, बापाने आयुष्य ज्या वस्तूपाशी उभे राहून काढले, तिचे तिकडचे रूप त्याला एकदा हातात द्यावे. पिण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. अण्णा कुठल्याही हॉटेलाबाहेर रिकामी बाटली दिसली की उचलून उजेडात धरतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते.

२०२३ च्या डिसेंबरात त्याने पहिला प्रयत्न केला, आणि तो पुरता फसला. दोन बाटल्या एकाच टॉवेलात गुंडाळल्या, एकीला दुसरीची सोबत म्हणून. त्या सुटकेसच्या तळाशी, चाकांजवळ, बुटांच्या शेजारी ठेवल्या. मुंबईला सामानाच्या पट्ट्यावर बॅग आली ती एका कोपऱ्यातून ओली. आंबलेल्या पिठासारखा वास सुटला होता. एका बाटलीची मान मोडली होती, दुसरी धड होती. काचेचा तुकडा काढताना त्याच्या तळहाताला चीर पडली. आईसाठी घेतलेली लोकरीची शाल, वहिनींचा स्वेटर, चॉकलेटचे डबे, सगळे भिजलेले. धड राहिलेली बाटली त्याने तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि घरी आला.

आईने शाल नाकाशी धरली. ‘‘कसला रे वास?’’

‘‘औषध सांडलं, आजी.’’

आईने शाल दोन पाण्यांतून काढली, दांडीवर टाकली आणि म्हणाली, ‘‘हेच औषध तुझा मामाआजाबी घ्यायचा.’’

ती शाल तिने आजवर अंगावर घेतलेली नाही.

त्यामुळे गेल्या दिवाळीच्या आधी एका रात्री साडेदहाला पोराचा फोन आला, ‘‘काका, या खेपेला चार आणतोय. फुटल्या नाही पाहिजेत. आणि घरात न्यायच्या नाहीत, मी ठरवलंय,’’ तेव्हा मला हसू आले नाही. मी म्हटले, थांब, ज्याला कळते त्यालाच विचारतो. मात्र खरे कारण अण्णांना सांगायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी विषय काढला, की पोराला यंदा आंब्याचे लोणचे काचेच्या बरणीतून द्यायचे म्हणतो, तर ती विमानात फुटू नये म्हणून काय करावे?

अण्णांनी कप खाली ठेवला. चौतीस वर्षांत त्यांना असा प्रश्न घरात कुणी विचारलाच नसावा.

‘‘कासार बांगड्या फोडून आलेला कधी पाहिलास का?’’ त्यांनी मलाच उलट विचारले.

खरेच पाहिला नव्हता. आमच्या लहानपणी कासार खांद्यावरून बांगड्यांचे ओझे घेऊन गावोगाव फिरायचा, बांधावरून चालायचा, ओढे ओलांडायचा. बांगड्या दोरीत घट्ट ओवलेल्या, मध्ये कागद, वरून कापड. कुंभाराची गाडगी बैलगाडीतून बाजाराला यायची ती गवताच्या थरात. कोकणातला हापूस लाकडी पेटीत भाताच्या पेंढ्यावर निजून मुंबईला जायचा. अण्णा म्हणाले, ‘‘धक्का सगळ्यांनाच बसतो. वस्तू फुटते ती धक्क्यानं नाही, हलल्यानं. हलली की शेजारणीवर आपटते. काचेला कापूस लागला तर कापूस दबतो, काचेला काच लागली की दोघींतली एक जाते.’’

पोराची चूक एका वाक्यात सापडली. सोबत म्हणून एकत्र बांधलेल्या दोन बाटल्यांनीच एकमेकींचा घात केला होता.

कारखान्यात साडेसहाशे मिलिलिटरच्या बारा बाटल्यांची पुठ्ठ्याची पेटी असते आणि आत पुठ्ठ्याचीच जाळी. प्रत्येक बाटलीला स्वतःची खोली. जाळी काढून घ्या, आणि तीच पेटी वैजापूरच्या रस्त्याने आणून दाखवा, असे अण्णा म्हणतात. पुठ्ठा तो काय, पण त्याने बाटली बाटलीपासून दूर राहते, आणि खोली अंगाबरोबर असल्याने तिला हलायला जागा नसते.

मग मी माझी शंका विचारली. विमान एवढे वर जाते, तिथे हवा विरळ. बाटली आतल्या दाबाने फुटत नसेल का? आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची समजूत हीच आहे. अण्णा हसले. कारखान्यात बाटली भरून बूच बसले की ती एका लांबलचक बोगद्यासारख्या यंत्रातून जाते. तिथे तिच्यावर गरम पाण्याचा पाऊस पडतो आणि आतली बिअर साठ अंशांच्या आसपास तापते. हेच ते पाश्चरायझेशन. दूध टिकवण्याशी आपण ज्यांचे नाव जोडतो त्या लुई पाश्चर यांनी बिअरच्या बिघाडावर मोठा अभ्यास करून १८७६ साली त्यावर पुस्तकच लिहिले होते. त्या बोगद्यात बाटलीच्या आतला वायू असा जोर धरतो, की नेहमीचा दाब दुपटीच्याही पुढे जातो. कच्ची बाटली तिथेच फुटते. त्या यंत्राजवळ काम करणारा माणूस डोळ्याला चष्मा लावूनच उभा राहतो. ‘‘तिथून जी जिवंत बाहेर आली तिला विमानाचं काय भ्या?’’ अण्णा म्हणाले.

घरी येऊन मी गणित ताडून पाहिले. प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडाले, तरी आतला दाब फार तर आठ हजार फुटांवर असावा तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या साधारण दीडपट उंचीवरचा ठेवलेला असतो. बहुतेक प्रवासी विमानांत खालच्या सामानाच्या कप्प्यालाही हाच दाब असतो. जमिनीपेक्षा तो चौथा हिस्साभर कमी. बिअरच्या बाटलीत मुळातच दोन-अडीच वातावरणांचा जादा दाब कोंडलेला असतो. त्यात ही पाव भर काही फार नाही. धोका असला तर गोठण्याचा. साधी बिअर उणे दोन-तीन अंशांवर गोठू लागते आणि बर्फ झालेले पाणी फुगते. सामानाचा कप्पा सहसा एवढा थंड होत नाही, पण युरोपातल्या जानेवारीत बॅग उघड्यावर तासन्‌तास पडून राहिली तर मात्र सांगता येत नाही. एरवी बाटली फुटते ती आकाशात नाही, जमिनीवर. गाडीतून पट्ट्यावर, पट्ट्यावरून गाडीत, एका बॅगेवर दुसरी.

या फेकाफेकीवर बॅगेला ‘नाजूक सामान’ची चिठ्ठी चिकटवणे हा उपाय आहे, असे समजणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. माणसाच्या चांगुलपणावर एवढा विश्वास आता फार कुणाचा उरलेला नाही. आपण मात्र बॅग कंबरेइतक्या उंचीवरून पडणार आहे असे धरूनच बांधावी. अण्णांनी तर ती बांधून झाल्यावर खाटेवरून खाली ढकलून पाहायला सांगितली.

तर बांधायची कशी, ते त्यांच्या तोंडून आले तसे सांगतो. बाटलीला आधी जाड मोजा घालायचा, गळ्याजवळ दुसरा मोजा गुंडाळून भरून काढायचा, कारण मान हाच तिचा नाजूक भाग. मग ती प्लास्टिकच्या जाड पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड पक्के बंद करून. फुटलीच तर काच आणि ओल पिशवीच्या आत राहावी. आमच्या सूनबाईंनी यात एक भर घातली : पिशवीत बाटलीभोवती तान्ह्या मुलाचा डायपर गुंडाळावा. बाटलीत असते तेवढे पाणी तो बहुतांशी पिऊन टाकतो, आणि गादीचे कामही करतो. अण्णांनी ही सूचना गंभीरपणे ऐकली आणि ‘‘आमच्या वेळी नव्हतं हे,’’ एवढेच म्हणाले.

मग पिशवी जीनच्या पायात सरकवायची. एका पायात एक. दोन पाय एकमेकांवर दुमडायचे नाहीत. बॅगेच्या तळाला कपड्यांचा चार बोटे थर, चारही बाजूंना चार-चार बोटे, वरून तेवढाच. बाटली ऐन मध्यात. चाकांच्या बाजूला नाही, दांड्याच्या कण्यालगत नाही, बूट आणि चार्जर यांच्या शेजारी तर मुळीच नाही. बॅग अर्धी रिकामी असेल तर जुनी वर्तमानपत्रे चुरगाळून भरायची, पण पोकळी ठेवायची नाही. झाकण बसल्यावर बॅग उचलून कानाशी हलवायची. काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडायची. एक कान गेलेल्या माणसाने ही परीक्षा सांगावी, याचे मला त्या क्षणी विशेष वाटले.

आणि ज्या कपड्यांत बाटली गुंडाळायची ते रोजचे, धुवट. भेटवस्तू, कागदपत्रे, औषधे त्या बॅगेत ठेवायचीच नाहीत. शालीचा विषय आमच्यात कुणी काढला नाही, पण दोघांनाही ती आठवली असणार.

पत्र्याच्या डब्यातली बिअर आणली तर बरे नाही का, असे पुष्कळ जण विचारतात. डबा हलका असतो आणि त्याची काच होत नाही, हे खरे. पण त्याची भिंत कागदाइतकी पातळ असते. कोपरा लागून चेमटला की सुईच्या टोकाएवढे भोक पडते आणि आतला दाब सगळा फेस त्या भोकातून बाहेर ढकलतो. फुटलेली बाटली निदान सापडते. गळका डबा शेवटपर्यंत साळसूदपणे बसून राहतो. त्यामुळे डब्यालाही पिशवी आणि मोजा चुकत नाही.

या वस्तूने तसा प्रवास काही कमी केलेला नाही. इंग्रज इथे आले तेव्हा त्यांची बिअर पिंपांत भरून आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला यायची. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला. त्याआधी हा प्रवास महिनोन्‌महिने चालायचा आणि वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागायचे. हिंदुस्थानसाठी जास्त कडू करून पाठवलेल्या त्या बिअरचे नाव आजही ‘इंडिया पेल एल’ असेच आहे. बाटलीला पक्के बूच मिळाले ते त्यानंतर, १८९२ साली. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले, आणि तेच बूच आज सोड्यावर, शीतपेयावर, बिअरवर सगळीकडे आहे. अण्णा चौतीस वर्षे ज्या यंत्राशी भांडले ते याच बुचाचे.

आता कायद्याचे. इथे घाईने चालणार नाही, कारण नीट बांधलेली बाटलीही चुकीच्या गावी गेली तर फुटलेलीपेक्षा महाग पडते. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या पेयाला, म्हणजे बिअर-वाईनला, पोटातल्या सामानात धोकादायक वस्तू म्हणून मर्यादा नाही. चोवीस ते सत्तर टक्क्यांपर्यंत माणशी पाच लिटर, तेही दुकानातल्या मूळ बंद बाटलीत. त्यावर मुळीच नाही. हातातल्या बॅगेत मात्र आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरच्या वरची द्रव वस्तू सहसा चालत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासूनचा हा जाच. लोणच्याचे तेलही द्रवच, हे आईला समजावताना आम्ही थकलो. विमानतळावरच्या करमुक्त दुकानातली मोहोरबंद पिशवी पावतीसह तेवढी अपवाद.

हे विमानाचे झाले. सरकारचे वेगळे. परदेशातून भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, आणि यात बिअरही धरली जाते. जर्मनीतली बाटली अर्ध्या लिटरची. म्हणजे चार. पोराने चार म्हटले ते उगाच नव्हते. पाचवी आणायची तर लाल मार्गाने जाऊन सांगायचे आणि शुल्क भरायचे. हिरव्या मार्गाने निर्विकार चेहऱ्याने चालत जाण्याचे कसब ज्यांना साधले आहे असे वाटते, त्यांना अधिकारी आपल्यापेक्षा चांगले ओळखतात. सौदी अरेबिया आणि कुवेत या देशांत प्रवासी म्हणून एक थेंबही नेता येत नाही, हे आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी विसरू नये.

आणि देशातल्या देशात? गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे; बिहारमध्ये २०१६ पासून. आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे कोरडे आहेत. म्हणजे मुंबईहून समृद्धी महामार्गाने नागपूरला निघालेल्या गाडीतली बाटली वैजापूरला कायदेशीर असते आणि वर्ध्याच्या हद्दीत शिरली की गुन्हा होते. रस्ता तोच, गाडी तीच. गोव्यातून स्वस्त मिळते म्हणून परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणेही गुन्हाच. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि सौम्य बिअरला वय एकवीस, इतर मद्याला पंचवीस पूर्ण असावे लागते. दुकानावरच्या गर्दीकडे पाहून यावर विश्वास बसत नाही, पण कायदा आहे तो असा आहे.

अण्णांचा धडा संपत आला होता. लोणच्याच्या बरणीचे निराळे, असे ते म्हणाले. बिअरच्या बुचाला दाब सोसायची सवय असते, बरणीच्या झाकणाला नसते. बरणीत हवा राहिली तर वर गेल्यावर ती फुगते आणि तेलाला आट्यांतून बाहेर ढकलते. महाबळेश्वरला नेलेली वेफरची पिशवी कशी टम्म होते, तसेच. म्हणून लोणचे गळ्यापर्यंत भरावे, वर तेलाचा थर, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, झाकणावरून चिकटपट्टीचे वेढे. मी वहीत टिपून घेत होतो. उठता उठता अण्णा म्हणाले, ‘‘आन्‌ त्याला सांग, बुचाला पट्टी लावू नको म्हणावं. बूच सुटत नसतं. पट्टी लोणच्याला लागते.’’

मी मान वर केली नाही. ते सरळ गोठ्याकडे निघून गेले.

पोरगा वसुबारसेच्या दिवशी मुंबईला उतरला. भाड्याची गाडी घेऊन समृद्धीने निघाला आणि जांबरगावला खाली उतरला. घरी येण्याआधी आम्ही त्याला मळ्यातच गाठले, कारण गाडीत जे होते ते घेऊन घराच्या आवारातसुद्धा यायचे नव्हते. बांधावर चादर पसरून त्याने बॅग उघडली. चारही जीनच्या पायांतून चारही बाटल्या निघाल्या. पिशव्या कोरड्या, डायपर कोरडे.

अण्णांनी पहिली बाटली घेतली ती नावाकडे न पाहता उलटी करून बूड पाहिले. मग सूर्याकडे धरली. मग अंगठ्याने खांद्यावरून आणि बुडाजवळून फिरवून पाहिले. तिथे काचेवर धुरकट पांढरा पट्टा उमटला होता. ‘‘ही नवी नाही,’’ ते म्हणाले. ‘‘बऱ्याच वेळा धुऊन भरलीय. लाईनवर एकमेकींना घासून घासून हा पट्टा येतो.’’ पोराने सांगितले, की तिकडे रिकामी बाटली दुकानात परत केली की आठ सेंट मिळतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा कारखान्यात जाते. अण्णांना हे फार आवडले. आपल्याकडे हे काम भंगारवाला करतो, आणि धुऊन आलेली बाटली उजेडाच्या पडद्यापुढे तपासायला अण्णांनी पहिली सहा वर्षे काढली होती. तपकिरीच का, तर उजेडाने बिअरला घाण वास येतो, हेही त्यांनी पोराला त्या बांधावर सांगितले. बापाच्या नोकरीबद्दल त्यांचे एवढे बोलणे मी प्रथमच ऐकत होतो.

मग थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. समोर मळ्यात कांद्याची रोपे होती. अण्णा अचानक २०१६ च्या उन्हाळ्यावर आले. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. आमच्या तालुक्यात टँकरमागे घागरी धावत होत्या, आणि मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. एक लिटर बिअर करायला कारखान्यात त्याच्या कितीतरी पट पाणी जाते. ‘‘रविवारी घरी यायचो तर तुझी आजी हंडा घेऊन रांगेत,’’ अण्णा पोराला म्हणाले. ‘‘सोमवारी लाईनवर उभं राहिलो की बाटल्या धुवायचं पाणी वाहताना दिसायचं. त्या उन्हाळ्यात पाळ्या कमी झाल्या, पगार कापला गेला. मला वाईट वाटलं नाही. आणि वाईट वाटत नाही याचंच वाईट वाटलं.’’

बाटल्या घरात गेल्या नाहीत. भाऊबीज झाल्यावर अण्णांनी त्या स्वतःच्या हाताने पुन्हा बांधल्या, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जाळी कापून, चार खोल्या करून. पोराने त्यांना संभाजीनगरला नेले. चिकलठाण्याला त्यांच्या लाईनवरचे तीन जुने सोबती राहतात, त्यांतल्या एकाच्या घरी सगळे जमले. गाडी चालवायची म्हणून पोराने ग्लासाला हात लावला नाही. अण्णांनी लावला की नाही हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. चारही बाटल्या तिथेच ठेवून ते परत आले. खिशातून मात्र त्यांनी चार बुचे काढली आणि ओट्यावर बसून एकाचे दात बोटाने मोजले.

‘‘एकवीस,’’ ते म्हणाले. ‘‘तिकडंबी एकवीसच.’’

बुचे बाटलीत मोडतात की नाही, यावर आईचा निकाल अजून आलेला नाही. ती सध्या गोठ्याच्या कोनाड्यात आहेत.

परतीची बॅग अण्णांनी भरली. युरोपात परक्या देशातून दूध-दुभत्याचे काही नेऊ देत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे आईच्या डोळ्यांदेखत बाहेर काढावे लागले. लोणच्याला आडकाठी नव्हती. मोजे, पिशवी, डायपर, चार बोटे कपडे, सगळे झाले. अण्णांनी बॅग खाटेवरून ढकलली, मग चांगला कान जवळ नेऊन हलवली. आई पाहत होती. ‘‘लोणच्याला एवढं कुठं शिकलास?’’ तिने विचारले. अण्णा म्हणाले, ‘‘नोकरीत.’’ आई काही बोलली नाही. आत गेली आणि बॅगेत कोपऱ्यात जागा होती तिथे भरायला म्हणून एक घडी केलेली शाल आणून दिली.

तिसऱ्या दिवशी म्यूनिकहून फोन आला. बरणी पोचली, तेलाचा थेंब सांडला नव्हता. फक्त झाकण उघडत नव्हते. अण्णांनी चिकटपट्टीचे नऊ वेढे दिले होते.